अर्भकांचे वस्तू तोंडात घालणे आणि जंतुसंपर्क

अर्भकांचे वस्तू तोंडात घालणे हे जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतील एक स्वाभाविक वर्तन आहे. या वयात मूल स्वतःची बोटे, खेळणी, भांडी, कपडे, जमिनीवर सापडलेल्या वस्तू आणि खाद्यपदार्थ तोंडात नेते व त्यांना चोखते, चाटते किंवा चावते. परिसर जाणून घेण्याचे ते मुलाचे एक प्रमुख साधन असते. याच मार्गाने घरातील जंतू त्याच्या पचनसंस्थेत पोहोचतात. त्यांतील बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. मानवी किंवा प्राण्यांच्या विष्ठेतून आलेले जंतू मात्र अतिसार, आमांश, जंत इत्यादी विकारांना कारणीभूत होतात. त्यामुळे बालआरोग्याच्या दृष्टीने मूल किती जंतूंच्या संपर्कात येते यापेक्षा ते कोणत्या जंतूंच्या संपर्कात येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला जातो.

## वर्तनाचे स्वरूप

नवजात बालकाला चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया जन्मतःच अवगत असते. साधारण तिसऱ्या महिन्यापासून हात व तोंड यांच्या हालचालींत मेळ बसू लागतो आणि मूल आधी स्वतःची मूठ व नंतर हातात आलेली वस्तू तोंडाकडे नेते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर वस्तू पकडण्याचे कौशल्य वाढते. मूल रांगू लागले की जमिनीवरील प्रत्येक वस्तू त्याच्या आवाक्यात येते. दात येण्याच्या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने चावण्याची प्रवृत्ती वाढते. चालता-बोलता येऊ लागल्यावर हात व डोळे यांचा उपयोग वाढतो आणि वस्तू तोंडात घालण्याचे प्रमाण हळूहळू घटते.

ओठ व जीभ हे शरीराचे अत्यंत संवेदनशील भाग असल्याने वस्तूचा आकार, पोत, कठीणपणा व तापमान यांचे ज्ञान अर्भकाला तोंडाने होते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी बौद्धिक विकासाच्या पहिल्या, म्हणजे संवेदन-कारक अवस्थेत या वर्तनाला महत्त्वाचे स्थान दिले. अँड्र्यू मेल्टझॉफ व रिचर्ड बोर्टन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे एक महिन्याच्या बालकांना न दाखवता गुळगुळीत किंवा खडबडीत चोखणी चोखायला दिली. नंतर दोन्ही चोखण्या समोर ठेवल्या असता बालके आपण चोखलेल्या आकाराकडे अधिक वेळ पाहत राहिली. हे वर्तन पूर्णपणे रोखणे शक्य नसते व इष्टही नसते.

निरीक्षणांवर आधारित अनेक अभ्यासांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणानुसार तीन महिने ते दोन वर्षे वयाची मुले घरात असताना ताशी सरासरी सुमारे १९ ते २८ वेळा हात तोंडात घालतात. घराबाहेर हे प्रमाण कमी आढळते.

## जंतू तोंडापर्यंत पोहोचण्याचे मार्ग

विष्ठेतील जंतू नव्या व्यक्तीच्या तोंडापर्यंत कसे पोहोचतात, हे दाखवणारी आकृती ई. जी. वॅग्नर व जे. एन. लॅनोइक्स यांनी १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनात मांडली. पाणी, बोटे, माश्या, जमीन व अन्न हे त्यातील पाच मार्ग होत. इंग्रजीत या पाचही शब्दांचे आद्याक्षर ‘एफ’ असल्याने ती ‘एफ-आकृती’ या नावाने ओळखली जाते. शौचालय, हात धुणे, पाणी शुद्ध करणे व अन्न झाकून ठेवणे हे उपाय या पाच मार्गांवरील अडथळे होत. मोठ्या माणसांच्या बाबतीत पाणी व अन्न हे मार्ग प्रमुख असतात. रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत जमीन व बोटे यांनाही तेवढेच महत्त्व येते.

### जमीन व माती

बाहेरून आलेल्या पादत्राणांबरोबर, पाळीव प्राण्यांच्या पायांबरोबर आणि लहान मुलांच्या शी-शूमुळे विष्ठेचे सूक्ष्म अंश घरातील जमिनीवर येतात. मातीची जमीन ओलावा धरून ठेवते व ती निर्जंतुक करणे अवघड असते. ग्रामीण झिम्बाब्वेतील २०१३ च्या एका अभ्यासात २३ बालके व त्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तींचे एकूण १३० तास निरीक्षण करण्यात आले. काही बालके अंगणातील माती, तसेच कोंबड्यांची विष्ठा प्रत्यक्ष खाताना आढळली. कोंबडीच्या एक ग्रॅम विष्ठेतून लाखो ई. कोलाय जीवाणू पोटात जाऊ शकतात, असा हिशेब संशोधकांनी मांडला. पिण्याच्या पाण्यातून जाणाऱ्या जीवाणूंची संख्या त्या तुलनेत फार कमी होती.

### हात, भांडी व खेळणी

मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीचे हात हा जंतुप्रसाराचा एक महत्त्वाचा दुवा आहे. मुलाची शी धुतल्यानंतर किंवा कच्चे मांस व मासे हाताळल्यानंतर साबणाने हात न धुता मुलाला भरवल्यास जंतू थेट अन्नात जातात. रोटाव्हायरससारखे विषाणू टणक पृष्ठभागावर अनेक दिवस टिकून राहू शकतात. त्यामुळे पाळणाघरे व बालरुग्ण विभाग येथे खेळण्यांमधून त्यांचा प्रसार होतो. दूध पाजण्याच्या बाटलीचे बूच व तिचा अरुंद गळा नीट घासून धुता येत नाही आणि तेथे दुधाचा थर राहून जीवाणू वाढतात. वाटी-चमचा, पळी किंवा पसरट तोंडाचे भांडे स्वच्छ करणे तुलनेने सोपे असते.

### पूरक आहार

सहाव्या महिन्यानंतर मुलाला वरचे अन्न सुरू होते आणि याच वयात अतिसाराचे प्रमाण वाढते. पंजाबमधील खन्ना परिसरातील अभ्यासाच्या आधारे जे. ई. गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या अवस्थेला ‘स्तनपान सुटतानाचा अतिसार’ असे नाव दिले. त्यात पोषणाची उणीव व जंतुसंसर्ग ही दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात. गॅम्बियात १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की सकाळी शिजवून दिवसभर ठेवलेल्या पेजेत जीवाणूंची संख्या दर तासाने वाढत जाते. उष्ण व दमट हवामानात मऊ भात, खीर किंवा नाचणीचे सत्त्व हे पदार्थ जीवाणूंच्या वाढीस अत्यंत पोषक ठरतात.

### लाळ

मोठ्या माणसाने चोखलेला चमचा किंवा चावून दिलेला घास यांतून लाळेतील जंतू मुलाकडे जातात. दातांच्या किडीशी संबंधित स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू बहुधा आई किंवा इतर निकटच्या व्यक्तीकडून मुलाला मिळतो. नागिणीसारखे फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू चुंबनातून नवजात बालकाला झाल्यास प्राणघातक ठरू शकतो.

### जमिनीवर पडलेला घास

जमिनीवर पडलेला पदार्थ पाच सेकंदांच्या आत उचलल्यास त्याला जंतू लागत नाहीत, ही समजूत जगभर आढळते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात रॉबिन मिरांडा व डोनाल्ड शॅफनर यांनी २०१६ मध्ये चार पृष्ठभाग, चार खाद्यपदार्थ व चार कालावधी घेऊन तिची पडताळणी केली. जीवाणूंचे संक्रमण एका सेकंदापेक्षा कमी वेळातही होते, असे त्यात दिसून आले. वेळेपेक्षा पदार्थातील ओलावा अधिक महत्त्वाचा ठरला. कलिंगडाच्या फोडीला सर्वाधिक जीवाणू चिकटले, तर गालिच्यावरून पोलाद व फरशीच्या तुलनेत फारच कमी जीवाणू पदार्थावर आले.

## संबंधित रोग

विष्ठा-मुख मार्गाने पसरणाऱ्या रोगकारकांमध्ये रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, शिगेला, रोगकारक ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांचा समावेश होतो. आफ्रिका व दक्षिण आशियातील सात केंद्रांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात कोलकाता हे भारतातील केंद्र होते. लहान मुलांतील मध्यम ते तीव्र अतिसाराची बहुतेक प्रकरणे रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, विशिष्ट प्रकारचा ई. कोलाय व शिगेला या चार रोगकारकांमुळे होतात, असे त्यात आढळले. रोटाव्हायरस व शिगेला यांच्या संसर्गासाठी अत्यल्प संख्येतील जंतूही पुरेसे असतात. मातीत पडलेली गोलकृमीची अंडी दूषित बोटांवाटे पोटात गेल्यास जंत होतात.

अतिसारात मुलाच्या जीवाला मुख्य धोका शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा असतो. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून पटकीचे मृत्यू कमी करून दाखवले. जलसंजीवनी या नावाने परिचित असलेले हे द्रावण आजही प्राथमिक उपचार आहे.

## आतड्यावरील परिणाम व वाढ खुंटणे

अतिसार झाला नाही तरी विष्ठाजन्य जंतूंच्या सततच्या संपर्काने लहान आतड्याच्या अस्तराला सूज येते, अन्नशोषण घटते व आतड्याची जंतू अडवण्याची क्षमता कमी होते. या अवस्थेस परिसरजन्य आंत्रविकार म्हणतात. जीन हम्फ्री यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात असे गृहीतक मांडले, की विकसनशील देशांतील मुलांची उंची खुंटण्यामागे अतिसारापेक्षाही हा विकार प्रमुख कारण असावा.

या गृहीतकाची कसोटी पाहण्यासाठी बांगलादेश, केनिया व झिम्बाब्वे येथे मोठ्या यादृच्छिक चाचण्या घेण्यात आल्या. त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. झिम्बाब्वेतील चाचणीत शौचालय, हात धुण्याची सोय व पाण्यासाठी क्लोरीन यांबरोबर मुलांना माती व कोंबड्यांपासून दूर ठेवण्यासाठी खेळण्याची चटई व बंदिस्त प्लॅस्टिकचे कुंपणही देण्यात आले होते. तिन्ही देशांत स्वच्छतेच्या उपायांनी मुलांच्या उंचीत वाढ झाली नाही. पोषणपूरक आहाराचा परिणाम दिसला, पण तो लहान होता. अतिसाराचे प्रमाण केवळ बांगलादेशात घटले. घरापुरते मर्यादित व कमी खर्चाचे उपाय परिसरातील जंतूंचा भार पुरेसा कमी करू शकत नाहीत, असा अर्थ अनेक संशोधकांनी यातून काढला. घरोघरी नळाचे पाणी, पक्की जमीन व संपूर्ण वस्तीची मलव्यवस्था यांसारख्या मूलभूत सुधारणांची गरज त्यामुळे अधोरेखित झाली.

## महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के होते, म्हणजे दोन पाहण्यांच्या दरम्यान त्यात सुधारणा झाली नाही.

### अहमदनगर जिल्ह्यातील प्रयोग

संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या काळात, २००४ च्या सुमारास, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील ६० गावांत एक यादृच्छिक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या गावांत शौचालय बांधणी व लोकजागृतीचा कार्यक्रम राबवण्यात आला. जेफ्री हॅमर व डीन स्पीअर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार या गावांतील मुलांची उंची इतर गावांतील मुलांच्या तुलनेत सरासरी ०.३ ते ०.४ प्रमाण विचलन इतकी वाढली. याउलट ओडिशातील १०० गावांच्या २०१४ मधील चाचणीत शौचालयांची संख्या बरीच वाढूनही अतिसार कमी झाला नाही. शौचालयाचा प्रत्यक्ष वापर आणि लहान मुलांच्या विष्ठेची विल्हेवाट यांवर परिणाम अवलंबून असतो, असे या तफावतीचे एक स्पष्टीकरण दिले जाते. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते, या समजुतीमुळे ती उघड्यावर टाकली जाण्याचा प्रकार शौचालय असलेल्या घरांतही घडतो.

### मुंबईतील कौला बंदर

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कौला बंदर या अनधिसूचित झोपडवस्तीत ‘पुकार’ या मुंबईतील संस्थेच्या सहभागाने झालेला पाणीविषयक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात तेथे स्रोताशीच पाणी दूषित आढळले. इतर ऋतूंत स्रोताशी पाणी चांगले असूनही घरांतील पिंप व कळशांमध्ये साठवलेले पाणी दूषित आढळले. साठवणीच्या काळात हात व भांडी यांतून जंतू पाण्यात उतरतात, हे त्यावरून दिसते. मूल ज्या पाण्याची भांडी चाटते, त्या पाण्याची शुद्धता केवळ नळाच्या तोटीशी तपासून भागत नाही.

### मीरा-भाईंदर

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील शहर आहे. तेथे २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. शहराला पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून मिळते. नळाला ठरावीक वेळी येणारे पाणी इमारतींत तळटाकी व गच्चीवरील टाकीत, तर चाळी व झोपडवस्त्यांत पिंपांत साठवले जाते. त्यामुळे साठवणीतील दूषितीकरणाचा धोका येथेही लागू होतो. टाक्यांची नियमित सफाई व पिंपातून पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे वापरणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

एका खोलीच्या घरात जमीन हीच स्वयंपाकाची, निजण्याची व मुलाच्या रांगण्याची जागा असते. बाहेरच्या चपला उंबऱ्याबाहेर काढण्याची पद्धत अशा घरात विशेष उपयोगी ठरते. शहराच्या पश्चिमेकडील उत्तन परिसरात कोळी समाजाची वस्ती आहे. मासे निवडणे, धुणे व बांबूच्या चौकटींवर सुकवणे ही कामे घराजवळच चालतात. कच्ची मासळी हाताळल्यावर हात व भांडी साबणाने धुणे आणि माश्यांपासून मुलाचे अन्न झाकून ठेवणे हे तेथे महत्त्वाचे ठरते.

### पारंपरिक पद्धती

महाराष्ट्रात मुलाला पहिला घास देण्याचा विधी ‘उष्टावण’ या नावाने ओळखला जातो. तो साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास होतो. हा काळ सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर पूरक आहार या आजच्या वैद्यकीय शिफारशीशी जुळतो. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा इत्यादी उगाळून दिली जाणारी बाळघुटी मात्र बहुधा त्याआधीच सुरू होते. न उकळलेले पाणी, धूळ बसलेली सहाण किंवा ओलसर राहून बुरशी आलेली मुळे यांवाटे जंतू मुलाच्या पोटात जाऊ शकतात. नवजात बालकाला मध चाटवण्याची प्रथाही आढळते. मधात क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवाणूची बीजुके असू शकतात व ती अर्भकाच्या आतड्यात वाढून स्नायूंचा पक्षाघात घडवू शकतात. त्यामुळे एक वर्षापर्यंत मध देऊ नये, असे सांगितले जाते.

## स्वच्छता-गृहीतक व त्याच्या मर्यादा

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये असे निरीक्षण नोंदवले, की अनेक भावंडे असलेल्या मुलांत परागज्वराचे प्रमाण कमी असते. बालपणी जंतुसंपर्क कमी झाल्याने अॅलर्जी वाढते, या मताला पुढे ‘स्वच्छता-गृहीतक’ असे नाव पडले. स्वीडनमधील १८४ बालकांच्या २०१३ मधील अभ्यासात, ज्यांची चोखणी आई-वडील स्वतः चोखून स्वच्छ करीत, त्या मुलांत दीड वर्षाच्या वयात इसब व दम्याची लक्षणे कमी आढळली. न्यूझीलंडमधील डनेडिन येथील दीर्घकालीन अभ्यासात अंगठा चोखणाऱ्या व नखे कुरतडणाऱ्या मुलांत पुढे अॅलर्जीची संवेदनशीलता कमी आढळली, पण दमा व परागज्वर यांत फरक दिसला नाही.

‘जंतू पोटात गेल्याने मूल कणखर होते’ असा सरसकट अर्थ या निष्कर्षांतून निघत नाही. ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘जुने सोबती’ या कल्पनेनुसार प्रतिकारसंस्थेच्या जडणघडणीस मानवासोबत उत्क्रांत झालेले माती, प्राणी व कुटुंबीय यांच्याकडील सूक्ष्मजीव आवश्यक असतात. रोटाव्हायरस किंवा शिगेला यांचा संसर्ग त्यासाठी आवश्यक नसतो. शिवाय वरील अभ्यास मलनिस्सारणाची पक्की व्यवस्था असलेल्या देशांतील आहेत. जेथे घरातील जमिनीवर विष्ठेचे अंश येतात, तेथे ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

## प्रतिबंध

* स्तनपान: आईच्या दुधातील प्रतिपिंडे व इतर घटक आतड्याचे संरक्षण करतात. सहा महिने केवळ स्तनपान व त्यापुढे दोन वर्षे किंवा अधिक काळ पूरक आहारासह स्तनपानाची शिफारस केली जाते. स्तनपानाच्या प्रसारासाठी कार्य करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची (बीपीएनआय) स्थापना १९९१ मध्ये वर्धा येथे झाली. दुधाची भुकटी व बाटल्या यांच्या जाहिरातीस भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.
* हात धुणे: शौचानंतर, मुलाची शी धुतल्यानंतर, स्वयंपाकापूर्वी व भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे. रांगणाऱ्या मुलाचेही हात खाण्यापूर्वी धुणे.
* अन्न: ताजे शिजवलेले अन्न देणे, सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक न ठेवणे, पुन्हा वाढताना वाफ येईपर्यंत गरम करणे व उष्टे अन्न मुलासाठी राखून न ठेवणे.
* वस्तू: रोज तोंडात जाणारी खेळणी, चमचे व चोखणी साबणाने धुऊन कोरडी करणे. सर्व वस्तू जंतुनाशकाने पुसण्याची गरज निरोगी मुलाच्या घरात नसते. घरात अतिसाराचा रुग्ण असल्यास अधिक काळजी घेतली जाते.
* जमीन व विष्ठा: मुलाची शी शौचालयात टाकणे, खेळण्यासाठी धुता येण्याजोगी चटई वापरणे व कोंबड्या, शेळ्या इत्यादींना मुलाच्या जागेपासून दूर ठेवणे.
* लसीकरण: रोटाव्हायरसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये सुरू झाली व सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे मोफत दिली जाते. ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर व पुणे येथील केंद्रांवर ६,७९९ बालकांवर झाली. तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून पहिल्या वर्षात सुमारे ५४ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘रोटासिल’ ही दुसरी लस पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट तयार करते.
* जंतनाशक: राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटाला अंगणवाडी व शाळांमधून अल्बेंडाझोल दिले जाते.

अतिसार झाल्यास स्तनपान व आहार चालू ठेवून जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची मात्रा दिली जाते. शौचातून रक्त पडणे, मूल सुस्त होणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे किंवा पिणे बंद होणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत.

## इतर धोके

नाणी, शेंगदाणे, मणी यांसारख्या लहान वस्तू श्वासमार्गात अडकू शकतात. चपट्या गोल बॅटरीने अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. जुन्या रंगांतील शिसे मेंदूच्या विकासास घातक असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित केले आहे. खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन २०२१ पासून बंधनकारक आहे.

## हेही पहा

* अतिसार
* स्तनपान
* रोटाव्हायरस
* कुपोषण
* उष्टावण
* अंगणवाडी
* मीरा-भाईंदर